गाड्या वेशीबाहेर

लग्न होऊन मी ज्या गल्लीत आले, तिला सगळं गाव गाडीवानांची गल्ली म्हणायचं. बीड जिल्ह्यातलं तटबंदीचं गाव, राज्य निजाम सरकारचं. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरासमोर एक बैलगाडी उभी असायची. बैल आत पडवीत, गाडी बाहेर, आणि तिचं जू दारापुढच्या दगडावर टेकवलेलं. आमच्याकडं रेल्वे नव्हती. गावचा कापूस गाड्यांनीच जालन्याच्या स्टेशनावर जायचा आणि येताना मीठ, घासलेट, कापडाचे गठ्ठे यायचे. गल्लीतल्या गाड्या एकत्र निघत आणि एकत्र परत येत. वाटेत चोराचिलटांची भीती, शहागडला गोदावरी उतरायची, एखाद्याचं चाक मोडायचं. एकट्यानं त्या रस्त्यावर कुणी गाडी घालत नसे.

आमच्या घरात तिघंच. माझे मालक, मी आणि माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायचे. सासरे गेले तेव्हा मालक लहान होते. आत्याबाईनं गाडी मोडीत काढली नाही. लेक मोठा होईस्तोवर तिनं ती दुसऱ्याला चालवायला दिली, बैलांचं दाणावैरण मात्र स्वतः बघितलं. उंच, हाडापेरानं मोठी बाई. मोठ्यानं बोललेली मी तिला फारशी ऐकली नाही. माझ्या वडिलांनी मला अक्षरओळख करून दिली होती, त्याचं तिला कौतुक होतं आणि थोडा वचकही. कुठला कागद आला की हात पदराला पुसून माझ्याकडं द्यायची.

गल्लीच्या शेवटाला एक पडकं घर होतं. ते एका गुत्तेदारानं घेतलं. गुत्तेदार म्हणजे दारूच्या दुकानांचा सरकारी मक्ता असलेला माणूस. त्याच्या हाताखाली तालुकाभर माणसं होती. त्यानं घर पाडून नवं बांधलं, दगडी जोत्याचं, वर गच्ची असलेलं. घरभरणीला आख्ख्या गल्लीला जेवण दिलं. मग वर्षाच्या आत हैदराबादेहून त्याची मोटर आली.

मोटर आली त्या दिवशी आम्ही सगळ्या बाया दारात उभ्या राहून बघत होतो. काळी, लांब, दोन मोठे पितळी दिवे. पण दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असल्यामुळं ती गल्लीत शिरेना. गल्लीच्या तोंडाशीच थांबली आणि गुत्तेदार शेण चुकवत, धोतर उचलून घरापर्यंत चालत गेला. जाताना तो हसत होता. सगळ्यांना रामराम करत गेला. मला तेव्हा तो बरा माणूस वाटला.

पुढं मोटर रोज थोडी आत यायला लागली. पहिल्या घराच्या गाडीवाल्यानं गाडी भिंतीला लावून घेतली, मग दुसऱ्यानं. मोटर चालवणारा डलेवर आधी भोंगा वाजवायचा, कुणी बाहेर आलं नाही की मोटर तिथंच सोडून निघून जायचा. सकाळी दार उघडलं की ती कालच्यापेक्षा एखादं घर पुढं आलेली असायची. तिच्या भोंग्यानं आमच्या बैलातला तांबडा बिथरायचा. आत पडवीत असला तरी खुंट्याला हिसके द्यायचा, आणि मग रात्रभर रवंथ करायचा नाही.

एका दुपारी मालक जालन्याच्या खेपेचं नवीन भाडं ठरवायला पेठेत गेले होते. मी आत दळत होते. बाहेर माणसांचा आवाज आला, मग लाकूड मोडल्याचा. डलेवर आणि आणखी दोघांनी आमची गाडी चाकांना धरून मागं ढकलली होती. गाडी नालीत कलली होती आणि तिच्या दांडीला उभी चीर गेली होती. मोटर तेवढ्या जागेतून पार गुत्तेदाराच्या दारापर्यंत गेली होती.

आत्याबाई तशीच उठून त्याच्या ओट्यावर गेली. मी मागं.

"गाडी कुणी ढकलली?" तिनं विचारलं.

गुत्तेदार झोपाळ्यावरून उठला. "बसा अक्का. रागावू नका. मीच म्हटलं जरा बाजूला घ्या म्हणून. पोरं अडाणी हायत, जोर जास्त लागला. नवी दांडी मी बसवून देतो."

"दांडी आमी बसवू. माझी गाडी माझ्या दारातून का म्हणून हलवली, तेवढं सांगा."

तो हसला. "अक्का, तुमचं माझं भांडण कशाला? आपल्या गावाला बल्दिया हाय. बल्दिया ठरवील कुणाची गाडी कुठं उभी राहायची ती."

बल्दिया म्हणजे गावची कमिटी. दिवाबत्ती, झाडलोट, बाजाराची जागा असलं बघणारी. तहसीलदार तिचे मुख्य आणि गावातले काही बडे लोक मेंबर. आमच्या गल्लीतले म्हातारे हकीमसाब पण त्यात होते. त्या कमिटीशी आमचा कधी संबंध आला नव्हता. आत्याबाई परतली. घरी येऊन तिनं चिरलेल्या दांडीला ओली चामड्याची वादी गुंडाळली आणि ओढून ओढून आवळली.

थोड्या दिवसांनी गावात दवंडी फिरली. गल्ल्यांतल्या गाड्यांबद्दल बल्दिया ठराव करणार, कुणाला काही सांगायचं असेल त्यानं शुक्रवारच्या नमाजानंतर चावडीवर हजर राहावं. दवंडी ऐकली त्याच दिवशी गल्लीतले सगळे गाडीवान हकीमसाबांच्या ओट्यावर जमले. सगळे तावातावानं बोलत होते. आपण सगळेच जाऊ, बघू कोण काढतो गाड्या, असं ठरलं. मालकांची खेप आधीच लागली होती, ते दोन-तीन गाड्यांबरोबर जालन्याला निघून गेले. जाताना म्हणाले, "सगळी गल्ली हाय. काळजी करू नको."

गुरुवारी गुत्तेदाराचा एक माणूस घरोघर फिरला. मळकट पटका, खांद्यावर घोंगडी, चेहरा शांत. प्रत्येक घरी तो थोडा वेळ आत बसला, पाणी प्याला आणि उठला. आमच्या घरी तो आला नाही. तो काय बोलला ते मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "काय न्हाई. पोराबाळांची चौकशी केली." आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी आम्ही वाट बघत राहिलो. एकाला ताप आला होता. एक मेव्हण्याकडं सिरसाळ्याला गेला होता. एक परड्यात सरपण फोडत होता, त्यानं मान वर केली नाही. आत्याबाई दारात उभी राहून सगळी गल्ली बघत होती. मग तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल पोरी. तुला वाचाया येतं, तू संगं चल."

चावडीत बाया जात नसत. शिपायानं दारातच अडवलं. आतून हकीमसाबांनी आवाज दिला तेव्हा त्यानं सोडलं, पण आम्हाला आत बसायला काही दिलं नाही. आम्ही खांबाला टेकून उभ्या राहिलो. टेबलाच्या पलीकडं तहसीलदार साहेब, काळी शेरवानी, डोक्यावर दस्तार. दोन्ही बाजूंना मेंबर. गुत्तेदार मेंबर नव्हता, पण मेंबरांच्या रांगेतच खुर्ची टाकून बसला होता. आमच्याकडं बघून त्यानं मान हलवली, घरी पाहुणे आल्यावर हलवतात तशी.

आधी कंदिलांचं झालं, मग मेलेल्या उंदरांचं. त्या वर्षी शेजारच्या तालुक्यात प्लेग होता आणि लोक उंदीर बघितला की घर सोडत होते. सगळं कामकाज उर्दूत. गाड्यांचा विषय निघाला तसा तहसीलदारांनी चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं.

"औरतां कायकू आयीं?"

"इनकी गाडी है साब," हकीमसाब म्हणाले. "मालकीन हैं. इनकी सुन लीजिए."

आत्याबाई पुढं झाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही इतका बारीक निघाला. "साहेब, आमचे बैल घरात बांधत्यात. गाडी बाहीर. माझ्या सासऱ्याच्या आधीपासून तसंच हाय. गाडी दारातून काढली तर तिची राखण कुणी करायची?"

एक मेंबर म्हणाला, प्लेगाचे दिवस आहेत, गाड्यांखाली घाण साठते, उंदीर होतात. दुसऱ्यानं मान डोलावली. हकीमसाबांनी विचारलं, "उंदीर गाडीखाली राहातो का धान्यात?" गुत्तेदारानं सगळ्या बैठकीत तोंड उघडलं नाही. मांडीवर हात ठेवून तो नुसता ऐकत होता, आणि मेंबर बोलायच्या आधी एकदा त्याच्याकडं बघून घेत होते. ते बघून मला कळलं. ठराव आधीच झालेला होता आणि आम्ही दोघी तो ऐकायला आलो होतो.

ठराव वाचला गेला. गल्ल्यांत रात्री गाड्या उभ्या करायच्या नाहीत, सगळ्या गाड्या वेशीबाहेर नदीकाठच्या माळावर लावायच्या.

"आन् मोटर?" आत्याबाईनं विचारलं. "मोटर बी वेशीबाहीर का?"

चावडीत कुणीतरी हसलं. तहसीलदारांना शिपायानं ते उर्दूत सांगितलं. त्यांनी हात हलवला. "मोटर सवारी है. ठराव बारबरदारी का है." म्हणजे मोटर माणसं नेते, ठराव ओझ्याच्या गाड्यांचा आहे.

"साहेब, माझ्या गाडीत बी माणूस बसतो. माझा ल्योक," आत्याबाई म्हणाली.

तोवर पुढचा विषय निघाला होता.

बाहेर पिंपळाखाली गुत्तेदार आमच्या मागून आला. डलेवरानं मोटरीचं दार उघडून धरलं होतं. "अक्का, चालत कशाला जाता? बसा." आत्याबाई नाही म्हणाली. तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या लेकाची मला काळजी वाटते. रस्त्यावरचं जिणं, एकटा जीव. सांभाळून राहायला सांगा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखर काळजी असल्यासारखा तो बोलला. घरी येईपर्यंत आत्याबाईनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

दोन दिवसांत गल्ली रिकामी झाली. गाड्या वेशीबाहेर गेल्या आणि मोटर गुत्तेदाराच्या दारासमोर उभी राहायला लागली. गल्ली इतकी रुंद दिसायला लागली की मला दार उघडायला नको वाटायचं. मालक खेपेवरून परत आले तेव्हा त्यांनी गाडी नेहमीसारखी दारात सोडली. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. आत्याबाईनं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग उद्या नेऊ वेशीबाहीर. आपलं येकट्याचं काय चालतंय?"

"नेऊ नको," आत्याबाई म्हणाली.

"आई, बाकी समद्यांनी नेल्या."

"त्यांनी नेल्या म्हणून तू नेऊ नको. मी चावडीत उभी ऱ्हायले ते काय फुकट?"

तिचा शब्द मालक कधी मोडत नसत. गाडी दारात राहिली. सबंध गल्लीत तेवढी एकच.

दुसऱ्या दिवसापासून तो घोंगडीवाला माणूस आमच्या समोरच्या ओट्यावर येऊन बसायला लागला. सकाळी यायचा, ऊन चढलं की जायचा. काही करायचा नाही. एकदा मी पाणी भरून येत होते तेव्हा त्यानं विचारलं, "गाडीवान पुन्ना कंदी निघणार?" मी तशीच पुढं झाले. "बरं बरं," तो म्हणाला, आणि विडी पेटवली. नंतर विचारणं त्यानं सोडलं, नुसता आमच्या बैलांकडं बघायचा. त्यांचे रंग, शिंगं, चाल मनात भरून घेत असल्यासारखा. मी आत्याबाईला म्हटलं, "गाडी नेऊ द्या ना वेशीबाहेर." ती म्हणाली, "तो माणूस बसतोय म्हणून न्यायची?"

पुढची खेप लागली. मालक पहाटे गाडी जुंपून वेशीबाहेर माळावर गेले तर तिथं एकही गाडी नव्हती. बाकीचे आदल्या संध्याकाळीच निघून गेले होते. कुणी निरोप दिला नव्हता. मालक परत दारात आले, खाली न उतरता म्हणाले, "मी गाठतो त्यान्ला गेवराईच्या अलीकडं." आत्याबाई म्हणाली, "आज न्हाई गेलास तर न्हाई का चालणार?" तिनं असं पहिल्यांदाच विचारलं. पण गाडीत दुसऱ्याचा कापूस होता. ते गेले. ओट्यावर त्या दिवशी कुणी बसलं नव्हतं.

गल्लीतल्या गाड्या परतल्या तेव्हा आमची त्यांत नव्हती. आत्याबाई माळावर गेली आणि एकेकाला विचारत सुटली. "आमाला भेटलाच न्हाई तो," सगळे म्हणाले. एक म्हणाला, "मागं असंल." खाली मान घालून तो बैलांच्या जुवातली शिवळ सोडत राहिला.

दुसऱ्या दिवशी मोटर आमच्या दारासमोर थांबली. गुत्तेदारानं आतूनच विचारलं, "अक्का, गाडी आली का?"

"न्हाई."

"येईल. रस्ते लई खराब झालेत." आणि मोटर पुढं गेली.

आत्याबाई चौकटीला धरून उभी होती. मोटर त्याच्या दारात जाऊन थांबेपर्यंत तिकडंच बघत राहिली. मग घरातून चादर घेतली, भाकरी बांधल्या आणि तडक माळावर गेली. सगळ्यांत म्हाताऱ्या गाडीवानापुढं उभी राहून म्हणाली, "तुझा ल्योक असता तर? गाडी जुंप." त्यानं उठून बैल आणले. बाकीच्यांतलं कुणी हललं नाही. आम्ही दोघी त्याच्या गाडीत बसून जालन्याच्या वाटेला लागलो.

पाडळसिंगीच्या पुढं, रस्ता उतरतो तिथं, आमची गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. जू दगडावर टेकवलेलं. कापसाच्या गोण्या जशाच्या तशा, दोरसुद्धा सुटलेला नाही. मालकांचं पागोटं बसायच्या जागी घडी घालून ठेवलेलं. बैल नव्हते, माणूस नव्हता. काही लुटलेलं असतं, कुठं रक्त दिसलं असतं, तर मला रडता आलं असतं. गल्लीतल्या सगळ्या गाड्या तिच्याजवळूनच परतल्या असणार. आत्याबाई गाडीभोवती फिरली, हाका मारायला लागली. आवाज माळावर जाऊन विरत होता.

एका वस्तीवरचा माणूस आवाज ऐकून आला. मालक त्याच्याकडं होते. ओढ्याच्या कड्यावरून पडून त्यांचा खांदा निखळला होता आणि तेव्हापासून ते तापात होते. आत्याबाईनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा त्यांनी हळूहळू सांगितलं. दिवेलागणीला चार माणसं रस्त्यात आडवी आली. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. कोणत्या गल्लीचा, एवढंच विचारलं. ह्यांनी सांगितलं. मग त्यांनी बैल सोडले, जू दगडावर ठेवलं, गाडीतून पडलेलं पागोटंसुद्धा उचलून घडी घालून ठेवलं, आणि बैलांना चुचकारत अंधारात घेऊन गेले. हे मागं धावले आणि ओढ्यात पडले.

"ओळखलंस का कुणाला?" म्हाताऱ्या गाडीवानानं विचारलं.

मालकांनी मान हलवली. होय का नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

बैल तीन गावं पलीकडच्या कोंडवाड्यात सापडले. मोकाट फिरत होते, पिकात शिरले म्हणून कुणी आणून घातले, असं तिथला रखवालदार म्हणाला. कोणी आणले ते त्याला ठाऊक नव्हतं. तक्रार कशाची करायची? चोरी नव्हती. मारहाण नव्हती. पोलिसपाटलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, बैल सुटत असत्यात." तांबड्या बैलाला मी हात लावला तर तो अंग चोरून मागं सरला.

आम्ही घरी आलो तेव्हा हकीमसाबांनी मालकांचा खांदा बसवला. वरती कोपर घेऊन ओढताना मालकांनी ओठ चावला, पण ओरडले नाहीत. हकीमसाब आत्याबाईला म्हणाले, "मी पुढच्या बैठकीत बोलतो." ती म्हणाली, "नका बोलू. तुमचा बी नातू रोज येकटाच मदरशात जातो." हकीमसाब पट्टी बांधता बांधता थांबले. ते पुढं त्या विषयावर कधी बोलले नाहीत, आणि थोड्या दिवसांनी त्यांनी मेंबरकीही सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईनं स्वतः गाडी जुंपली. गल्लीतल्या कुणी बाईनं गाडी जुंपलेली मी तोवर बघितली नव्हती. तिनं भांडी गाडीत घातली, दळणाचं जातं घातलं, मला नि मालकांना बसवलं आणि कासरा हातात घेतला. गुत्तेदार ओट्यावर उभा होता. तो म्हणाला, "अक्का, गाडी न्या म्हटलं होतं, घर न्या म्हटलं नव्हतं."

आत्याबाईनं बैल थांबवले नाहीत. "जिथं गाडी तिथं आमी," ती म्हणाली.

माळावर आम्ही पाचटाचं खोपट घातलं. पहिले काही महिने वाईट गेले. उघडं रान, नदीकडचा वारा, आणि कुणीही खांद्यावर घोंगडी टाकून लांबून येताना दिसलं की मी आत जायचे. दुसऱ्या वर्षी आणखी एका गाडीवानाचं घर आमच्या शेजारी आलं. ज्यानं शुक्रवारी परड्यात सरपण फोडलं होतं, तोच तो. आत्याबाईनं त्याला काही विचारलं नाही. त्याच्या बायकोला विस्तव दिला. नंतर एकेक करून बाकीचे आले. गाड्या वेशीबाहेर ठेवून माणसं आत झोपणं कुणालाच जमेना, रोज कुणाची तरी वादी नाहीतर दोर जायचा. पाच-सहा वर्षांत तिथं वस्ती झाली. मी माझी मुलं तिथंच वाढवली.

मालकांचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. गाडी ते हाकत राहिले, पण नेहमी मधल्या गाड्यांत. पुढं नाही, मागं नाही. त्या चार माणसांचा विषय त्यांनी नंतर एकदाच काढला, तोही थोरला मुलगा गाडीवर जायला लागला तेव्हा. "त्यातला येक जण लई हळू बोलत होता," ते म्हणाले. "मी त्याचा लहान भाऊ असल्यासारखा." मग त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या माळा नीट केल्या आणि मुलाला गाडीवर बसायला सांगितलं.

आत्याबाईला मी एकदा विचारलं होतं, तिच्या शेवटच्या वर्षात. तेव्हा ती खोपटासमोर उन्हात बसून असायची. तुम्ही चावडीत गेला नसता तर हे टळलं असतं का, असं.

"टळलं असतं," ती म्हणाली. "पर त्यान्ला वाटलं असतं, समद्यान्ला ठराव कबूल हुता."

मग तिनं मला पाणी मागितलं, आणि मी आत गेले.